परळीची उलटी मोजणी

मे 2012 मध्ये परळीत गर्भपात करताना एक बाई दगावली. त्याच्या चोवीस वर्षे आधी. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला. केंद्राचा 1994 मध्ये आला. सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही’ ही पाटी लागली, प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीच्या नोंदीचा एफ फॉर्म भरला जाऊ लागला. कागद चोख झाले.

दोन वर्षे आधी, 2010. वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी अभियाना’ने बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथच्या मुंडे हॉस्पिटलात स्टिंग केलं. प्रकरण कोर्टात गेलं, दवाखाना चालूच राहिला. मला विचाराल तर ती बाई वाचायची ती इथेच वाचायची.

एक वर्ष आधी. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली. दहा वर्षांपूर्वी 894 होत्या.

शेवटचे तास, मे 2012. त्याच मुंडे हॉस्पिटलात धारूर तालुक्यातली बाई, चार मुलींची आई, सहावा महिना. तेव्हा गर्भपात कायद्याची मुदत वीस आठवड्यांची. एवढ्या दिवसांचा गर्भ काढायचा तर भूल देण्याची सोय लागते, रक्ताची पिशवी हाताशी लागते. रक्तस्राव आवरेनासा झाला की तास उरत नाहीत, मिनिटं उरतात. 18 मे रोजी ती गेल्याची बातमी राज्यभर पोचली.

त्यानंतर. डॉ. सुदाम आणि सरस्वती मुंडे फरार झाले, जूनमध्ये शरण आले. आरोग्यमंत्री सुरेश शेट्टी यांनी स्त्रीभ्रूणहत्येला खुनाचं कलम 302 लावण्याची भाषा केली. औषध दुकानांवर छापे पडले आणि केमिस्टांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. म्हणजे सातव्या आठवड्यात, 1971 च्या गर्भपात कायद्याने दिलेल्या हक्काने दारात आलेली बाईही रिकाम्या हाताने परतली. गुन्हा लिंगनिवडीचा आहे, गर्भपाताचा नाही, हे महिला संघटना कळवळून सांगत होत्या. सरकारी दवाखान्यात सुरक्षित सोय नसेल, तर बाई जिथे दार उघडं असेल तिथे जाते. बीडमध्ये ते दार कुणाचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

2019. बीडच्या कोर्टाने मुंडे दाम्पत्याला आणि मृत बाईच्या नवऱ्याला दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली.

जून 2022. बीड तालुक्यात तीन मुलींची आई बेकायदा गर्भपातात दगावली. अटक झालेल्यांत एक अंगणवाडी सेविका होती.