व्हॉल्व्हचा रेडिओ आणि घरची वीज

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा रेडिओ मुख्यतः बॅटऱ्यांवर चालत. एक बॅटरी व्हॉल्व्हची तार तापवायला, दुसरी जास्त दाबाची, तिसरी ग्रिडसाठी. पुढे दिव्याच्या विजेवर चालणारे संच आले. बॅटऱ्यांची जागा ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि फिल्टरच्या कंडेन्सरने घेतली. खेड्यात मात्र १.४ व ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटरीचे संच पुढेही बरीच वर्षे होते.

कलकत्त्याच्या काही भागांत तेव्हा डीसी वीज होती. तिच्यावर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून एसी-डीसी संच निघाले, आणि स्वस्त पडतात म्हणून एसीच्या गावांतही खपले. आमच्या अब्बांचा संच त्यातलाच. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२ आणि यूवाय ८५ या चार व्हॉल्व्हच्या तारा एका माळेत. त्यांना लागतात १९, १९, ५० आणि ३८, म्हणजे १२६ व्होल्ट. २३० मधले उरलेले शंभरेक व्होल्ट एक जाडजूड रेझिस्टन्स उष्णतेत घालवतो. माळेतली एक तार तुटली की सगळेच व्हॉल्व्ह थंड.

या संचाचा खरा धोका निराळा. मेनची एक तार थेट चेसीला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळी चेसी फेजवर. आमच्या बाजारपेठेतले रेडिओवाले चाचा आधी टेस्टर लावत, मगच बोलत.

आवाजावरूनही ते निदान करीत. यूवाय ८५ विजेची एकच बाजू घेतो, म्हणून कंडेन्सर सुकला की पन्नास कंपनांचा जाड घुमारा येतो. ट्रान्सफॉर्मरच्या संचात तो शंभरचा असतो. तिथेही पन्नासचा ऐकू आला, तर रेक्टिफायरची एक बाजू गेली समजायचे. वर्षानुवर्षे बंद असलेला संच ते कधी थेट लावत नसत. आधी शंभर वॉटचा दिवा सिरीजमध्ये. दिवा लख्ख राहिला तर कुठेतरी शॉर्ट. पेटून मंद झाला तर पुढे जायचे. आता एलईडी दिव्याने हे काम होत नाही, जुना तारेचाच दिवा शोधावा लागतो.

अब्बा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी माझ्या थोरल्या भावाने संच उतरवला, पुसला आणि हौसेने सरळ प्लग लावला. कंडेन्सर फुटला, यूवाय ८५ ही गेला. चूक माझीही. मला ठाऊक होते, मी बोललो नाही. नवा कंडेन्सर बसवताना दुकानदार दुपटीतिपटीचा देत होता. मोठा म्हणजे चांगला, असे त्याचे म्हणणे. पण त्याने रेक्टिफायरवर ताण येतो. आम्ही मूळ आकड्याचाच घेतला.

संच वाजला. पण जुना, तडकलेला प्लग भावाने आधीच कापून फेकला होता. त्याच्या एका बाजूला अब्बांनी लाल रंगाचा ठिपका दिला होता. लहानपणी मला ती नक्षी वाटायची. टेस्टर लावून नव्या प्लगवर तसाच ठिपका मी दिला.