ऊस इस्लामपूरचा, टाकी पेट्रोलची, दर दिल्लीचा

तेलावर चालणारा मुलुख म्हटलं की आखात आठवतं. पण एकही तेलविहीर नसलेल्या इस्लामपूरच्या बाजारपेठेचं नशीबही थोडंफार पेट्रोलला बांधलंय. कारण उसापासून होणारं इथेनॉल.

साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्यासारख्या कारखान्यांना इथेनॉल जवळचं वाटलं ते रोख पैशामुळं. ऊस आल्यावर १४ दिवसांत एफआरपी द्यायची असते. साखर मात्र गोदामात पडून, महिन्याच्या कोट्यानंच विकायची. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या लवकर देतात.

गोची दराची आहे. तो केंद्र ठरवतं. उसाच्या रसाच्या इथेनॉलला २०२२-२३ मध्ये लिटरला ६५ रुपये ६१ पैसे मिळायचे, २०२४-२५ मध्येही तेवढेच. याच काळात एफआरपी टनाला ३,०५० वरून ३,४०० रुपये झाली. शेतकऱ्याला ती हवीच, पण कारखान्यानं मधलं अंतर भरायचं कुठून?

त्यात धोरणाचा भरवसा नाही. जुलै २०२३ मध्ये ज्यानं आडसाली लावली, त्याचा ऊस शेतात असतानाच ७ डिसेंबरला रसापासून इथेनॉलवर बंदी आली, आठवड्याभरात ती सैल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. तोवर ऊस तुटलाही नव्हता!

दरम्यान मक्यानं जागा पटकावली. आज देशातलं बहुतांश इथेनॉल धान्यापासून होतं. त्यात २० टक्के मिश्रणाचं २०३० चं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं गेलं. पुढचा टप्पा ठरेपर्यंत मागणी वाढेल ती पेट्रोलचा खप वाढेल तेवढीच, आणि त्यातही मक्याचा वाटा आहेच.