तिसऱ्या आर्ग्युमेंटची कुळकथा

सी भाषेतल्या स्ट्रटॉकला आर्ग्युमेंटं दोन आणि त्याच्या धाकट्या भावाला, डब्ल्यूसीएसटॉकला, तीन. काम दोघांचं एकच: ठरलेल्या चिन्हांवर स्ट्रिंगचे तुकडे करायचे. थोरला बाइट मोजतो, धाकटा वाइड कॅरेक्टर. मग धाकट्याला एक आर्ग्युमेंट जास्त का? त्यासाठी आधी थोरल्याची खोड सांगायला हवी.

स्ट्रटॉक एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये होतं आणि १९८९च्या अमेरिकी प्रमाणकात ते घेतलं गेलं. पहिल्या वेळी त्याला स्ट्रिंग द्यायची. ते पहिला तुकडा शोधतं, त्यामागच्या विभाजकावर शून्य लिहितं आणि तुकड्याचा पत्ता देतं. पुढच्या वेळी स्ट्रिंगऐवजी नल द्यायचा. मागच्या खेपेला आपण कुठवर आलो होतो, हे ते लायब्ररीच्या पोटात, एका लपलेल्या स्टॅटिक पॉइंटरमध्ये टिपून ठेवतं. म्हणजे पुस्तक वाचणारे दोघं आणि खुणेचा कागद एकच. बाहेरच्या लूपमध्ये ओळी आणि आतल्या लूपमध्ये त्या ओळीतले शब्द तोडायला घेतले, की आतला लूप बाहेरच्याची खूण पुसून टाकतो. पहिली ओळ व्यवस्थित छापली जाते, बाकीच्या गायब. एरर नाही की वॉर्निंग नाही.

धाकट्याची खरी निकड होती ती जपानला. तिथल्या शिफ्ट-जिस संकेतात काताकानातलं ‘सो’ हे अक्षर दोन बाइटांचं आहे: १३१ आणि ९२. आता ९२ म्हणजे आस्कीतला बॅकस्लॅश. फाइलचा पाथ बॅकस्लॅशवर तोडायला स्ट्रटॉककडे दिला, की ‘सो’ मधोमध कापला जायचा. १९८९च्या प्रमाणकानं वाइड कॅरेक्टरचा, म्हणजे अख्खं अक्षर एकाच घरात ठेवणारा, प्रकार दिला होता खरा, पण त्यासोबत रूपांतराची जेमतेम पाच फंक्शनं. तोडणं, जोडणं, शोधणं यांची काहीच सोय नव्हती. जपानच्या आग्रहानं १९९५मध्ये प्रमाणकाची पहिली दुरुस्ती झाली आणि वाइड स्ट्रिंगसाठी नवी हेडर फाइल आली. (डेन्मार्कनंही त्याच दुरुस्तीत हात धुऊन घेतले. त्यांच्या संकेतात कंसांच्या जागी डॅनिश अक्षरं होती, म्हणून कंसांना पर्यायी चिन्हं मिळाली.)

डब्ल्यूसीएसटॉक त्याआधी एक्स/ओपन या संघाच्या युनिक्स प्रमाणकाच्या १९९२च्या चौथ्या आवृत्तीत होतं, पण थोरल्यासारखंच दोन आर्ग्युमेंटांचं. १९९५च्या दुरुस्तीनं त्याला तिसरं दिलं: खूण ठेवायचा पॉइंटर ज्याचा त्यानं आणायचा. थोरल्याला मात्र हात लावता येईना, कारण जुने प्रोग्रॅम कोसळले असते. त्याच वर्षी पॉझिक्सच्या थ्रेड-प्रमाणकानं स्ट्रटॉक-आर नावाचं वेगळं फंक्शन काढून ती उणीव भरली. मायक्रोसॉफ्ट मात्र व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ येईपर्यंत दोन आर्ग्युमेंटांवरच अडून होती. तिथला जुना कोड लिनक्सवर आणला की कंपायलर पहिली कुरकुर इथेच करतो.

यूटीएफ-८ मध्ये हे सगळं लागतं का? केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत १९९२मध्ये तो संकेत आखला, तेव्हा आस्कीचा एकही बाइट दुसऱ्या अक्षराच्या पोटात येणार नाही अशी तजवीज केली. त्यामुळे मराठी मजकूर स्वल्पविरामावर किंवा स्पेसवर तोडायला थोरला भाऊही चालतो. फसतो तो ओवीच्या दंडावर. दंडाचे बाइट २२४, १६५, १६४. स्ट्रटॉकला हे एक चिन्ह दिसतच नाही, तीन सुटे विभाजक दिसतात. आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा २२४नंच सुरू होते! ‘राम’मधला र म्हणजे २२४, १६४, १७६. त्यातले पहिले दोन बाइट विभाजक म्हणून वगळले जातात, उरतो एकटा १७६. तीच गत कान्याची आणि म ची. हाती येतात तीन तुकडे, एकही वाचता न येणारा. वाइड स्ट्रिंगमध्ये दंड हे एकच कॅरेक्टर असतं, म्हणून डब्ल्यूसीएसटॉक बरोबर दंडावरच तोडतं.

एक खोड दोघा भावांची सारखी: लागोपाठचे विभाजक एकच धरतात, त्यामुळे रिकामा रकाना हरवतो. सीएसव्ही फाइल यांच्या हाती देऊ नये. ओव्या तोडायच्या असतील तर आधी सेटलोकेल करा, मजकूर वाइडमध्ये आणा आणि मूळ स्ट्रिंगची प्रत काढून ठेवा, कारण तोडून झाल्यावर मूळ स्ट्रिंग मूळ राहत नाही.