गंजलेले नट-बोल्ट सोडवणे

जुन्या वाहनांच्या दुरुस्तीतील एक मूलभूत काम. आट्यांमध्ये गंज धरल्यामुळे जाम झालेला नट मोकळा करताना बोल्ट तुटू नये, नटाचे कोन झिजू नयेत आणि बोल्ट ज्या भागात बसला आहे त्याचे आटे जाऊ नयेत, या तीन गोष्टींवर कामाचे यश ठरते. बळापेक्षा वेळ, तेल आणि उष्णता यांचा क्रम इथे महत्त्वाचा असतो. सातारा व सांगली जिल्ह्यांत पावसाचे प्रमाण जागोजागी कमालीचे बदलते आणि जुन्या गाड्या अजून वापरात आहेत. त्यामुळे या कामाचे जवळजवळ सर्व प्रकार तेथील गॅरेजांत पाहायला मिळतात.

कारण : लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक, कधी कित्येक पट जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधील फट अगदी बारीक असते. गंज ती भरून काढतो आणि पाचरीसारखा दोन्ही बाजूंना रेटा देतो. पोलादी स्टड अ‍ॅल्युमिनियमच्या भागात बसलेला असेल, तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियमच झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आटे घट्ट धरून ठेवते. सायलेन्सर व मॅनिफोल्ड यांवरील नट सतत तापतात आणि थंड होतात, म्हणून ते सर्वांत हट्टी असतात.

प्रदेश आणि गंज : महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशे मिमीच्या आसपास असतो. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात पावसाळाभर हवाच दमट असल्याने गाडी उभी असली तरी तळाचे नट गंजतात. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत गंज बहुधा वरवरचा असतो, पण आट्यांत धूळ व जुने ग्रीस घट्ट बसलेले सापडते. सांगली शहर व कृष्णाकाठच्या गावांत महापुराची भर पडते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ आणि २०२१ मध्येही महापूर आले. पुरात बुडालेल्या गाडीच्या चासीच्या खोबणीत चिकट काळा गाळ साचतो आणि पाणी ओसरल्यावरही दीर्घकाळ ओल धरून ठेवतो. अशी गाडी आधी धुऊन, गाळ खरवडून पूर्ण वाळवावी लागते.

वाहने आणि माप : किर्लोस्करवाडी (१९१०) आणि साताऱ्याचा कूपर उद्योग (१९२२) यांच्यामुळे या भागाला लोखंडकामाची जुनी परंपरा आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या सातारा कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. तिच्याबरोबर जुन्या जीप, अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी या गाड्याही जपल्या जातात. जीप व अ‍ॅम्बेसेडर यांचे नट मुख्यतः इंची, तर पद्मिनी व प्रिया यांचे मेट्रिक मापाचे असतात. मिस्त्री इंची माप सुतात मोजतात. एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, म्हणून चार सुती पाना अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिमीचा. त्या नटाला १३ चा पाना लावला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण जोर देताच कोन घासून नट गोल होतो. विलिस घराण्यातील जुन्या जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे न पाहता जोर लावला, तर नट सुटण्याऐवजी आणखी आवळला जातो.

कामाचा क्रम : प्रथम बोल्टचे बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करतात. मग पातळ, झिरपणारे तेल सोडतात; रॉकेल किंवा डिझेल जुन्या काळापासून वापरात आहे, आता फवाऱ्याचे डबे मिळतात. तेल संध्याकाळी सोडून सकाळी पुन्हा द्यावे, कारण ते केशाकर्षणाने हळूहळू आत जाते. हातोडीने नटाच्या बाजूंवर हलके ठोके दिल्यास गंजाचा थर तडकतो. त्यानंतर सहा कोनांचा सॉकेट किंवा रिंग पाना बसवून नट आधी किंचित आवळतात आणि मग सोडवतात. हलू लागला की अर्धा फेरा मागे, पाव फेरा पुढे, पुन्हा तेल, अशा पद्धतीने तो बाहेर काढतात. आट्यांतला चुरा अशा पुढे-मागे फिरवण्याने बाहेर पडतो.

पान्याला पाइप लावून जोर वाढवण्याची सवय मोडणे आवश्यक आहे. ८ मिमी व्यासाच्या ८.८ प्रतीच्या बोल्टला आवळताना साधारण २५ न्यूटन-मीटर पीळ पुरतो. एक मीटर पाइपच्या टोकाशी दहा किलोचा जोर दिला, तरी पीळ जवळपास चौपट होतो आणि बोल्ट डोक्यापाशी तुटतो.

उष्णता : तेलाने काम भागले नाही तर नट तापवतात. १० मिमी छिद्राचा पोलादी नट ४०० अंश सेल्सियसने तापला, तर छिद्र सुमारे ०.०५ मिमीने रुंदावते. एवढी वाढ गंजाची पकड ढिली करायला पुरेशी असते. म्हणून ज्योत नटावर द्यावी, बोल्टवर नव्हे. तापलेल्या नटाला मेणबत्ती टेकवली तर वितळलेले मेण आट्यांत ओढले जाऊन वंगणाचे काम करते. पेट्रोल टाकी, ब्रेकचे पाइप, रबरी बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्याजवळ ज्योत वापरू नये. आधी सोडलेले रॉकेल व तेल पुसून घ्यावे. जस्ताचा मुलामा असलेला नट तापवल्यास निघणारा धूर विषारी असतो.

तुटलेला बोल्ट : तुटका तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नवा नट वेल्ड करतात, वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही ढिला होतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढून ठेवावी. तुकडा आतच राहिला असल्यास मध्यबिंदूवर पंच मारून उलट्या दिशेने फिरणाऱ्या ड्रिलने भोक पाडतात आणि गरज पडल्यास नवे आटे काढतात. काय वाचवायचे हेही आधी ठरवावे लागते. सायलेन्सरच्या क्लिपचा नट छिन्नीने फोडला तरी चालतो आणि कमानपाट्याचा यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेच. पण मॅनिफोल्डचा स्टड व हेडचे आटे जपलेच पाहिजेत. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले, पद्मिनीचे त्याच्याही आधी. मूळ भाग खराब झाला तर तसा दुसरा मिळवणे कठीण असते.

विशेष खबरदारी : प्रियासारख्या स्कूटरची रिम दोन थाळ्या नटांनी जोडून बनलेली असते. तिचे गंजलेले नट सोडवण्यापूर्वी टायरमधील हवा पूर्ण काढावी, अन्यथा थाळ्या जोरात उडून गंभीर इजा होऊ शकते. जॅकवरच्या गाडीखाली आधाराशिवाय काम करू नये; जाम नट अचानक सुटताना गाडीला बसणारा धक्का जॅक निसटायला पुरेसा असतो.

पुन्हा जोडणी : आटे टॅप-डायने साफ करून त्याच प्रतीचा नवा बोल्ट, आट्यांना थोडे ग्रीस आणि उष्ण भागांवर कॉपर ग्रीस लावून बसवतात. चाकांच्या नटांना ग्रीस लावू नये, कारण त्यामुळे ते ठरल्यापेक्षा जास्त आवळले जातात. दर पावसाळ्यानंतर तळ धुऊन उघड्या आट्यांवर तेलाचा हात फिरवावा. खंडेनवमीला गॅरेजमधील हत्यारांची पूजा होते. पावसाळा सरतानाचा तो काळ या कामालाही योग्य असतो.