पवित्र खड्ग (अद्भुत कादंबरीतील)

पवित्र खड्ग : अद्भुत कादंबऱ्या, चित्रकथा आणि फाशांवर खेळले जाणारे भूमिका-खेळ यांत वारंवार येणारे दैवी किंवा मंत्रसिद्ध शस्त्र. साधे पोलाद ज्यांना लागत नाही अशा भूत, पिशाच, दैत्य, पतित देवदूत इत्यादी अमानुष योनींवर ते चालते. ही व्याख्या खरी आहे, पण अर्धी आहे. चांगल्या कथेत हे खड्ग केवळ अधिक बलवान असते म्हणून जिंकत नाही. अमानुष ज्या आधारावर तग धरून असतो, मग ते एखादे बंधन असो, शाप असो वा स्वतःविषयीचा भ्रम, तो आधारच ते तोडते. प्रत्येक लेखकाच्या सृष्टीत हा आधार निराळा, म्हणून खड्गाचा परिणामही निराळा. शिवाय बहुतेक ठिकाणी ते धरणाऱ्या हातावरही काही अट घालते.

पूर्वपीठिका : महाभारताच्या शांतिपर्वात नकुलाच्या प्रश्नावरून भीष्म खड्गाची उत्पत्ती सांगतात. ब्रह्मदेवाच्या यज्ञातून ‘असि’ प्रकट झाला, रुद्राने त्याने दानवांचा संहार केला आणि पुढे तो हातोहात मनूपर्यंत आला. त्याचे नक्षत्र कृत्तिका, दैवत अग्नी, गोत्र रोहिणी, गुरू रुद्र. त्याच्या आठ नावांत एक नाव ‘धर्मपाल’. शस्त्राला गोत्र आणि गुरू देणारी ही कल्पना फार खोल आहे : ज्याला कुळ आहे, त्याला मर्यादाही आहे. महाराष्ट्रात खंडोबाचा खंडा याच परंपरेत बसतो. मणी आणि मल्ल या दैत्यांचा देवाने वध केला, पण मणीने मरताना शरण येऊन वर मागितला व देवाच्या सान्निध्यात जागा मिळवली, असे मल्हारीची आख्यायिका सांगते. खड्गाने मारणे आणि उद्धरणे या दोन गोष्टी तिथे वेगळ्या राहत नाहीत.

युरोपात ‘बेओवुल्फ’ हे प्राचीन इंग्रजी महाकाव्य या विषयाचे मूळ म्हणता येईल. ग्रेंडेल या राक्षसाने मंत्राने सर्व तलवारी निष्प्रभ केलेल्या असतात. त्याच्या आईशी लढताना नायकाची हृंटिंग ही नामांकित तलवारही कुचकामी ठरते. शेवटी पाण्याखालच्या त्या गुहेतच सापडलेली, राक्षसांनी घडवलेली जुनी तलवार काम करते. मग मेलेल्या ग्रेंडेलचे डोके तिने छाटताच त्याच्या उष्ण रक्ताने तिचे पाते बर्फासारखे वितळते आणि मूठ तेवढी उरते. इ. स. ११०० च्या सुमाराच्या ‘रोलाँचे गीत’ या फ्रेंच वीरकाव्यात दुरेंदाल तलवारीच्या मुठीत संत पीटरचा दात आणि कुमारी मेरीच्या वस्त्राचा तुकडा असे अवशेष जडवलेले आहेत. पाते धातूचे, पावित्र्य मुठीतले. आधुनिक कादंबरीकारांनी हीच रचना पुढे बराच काळ वापरली.

टोल्किन : जे. आर. आर. टोल्किन हे ‘बेओवुल्फ’चे मोठे अभ्यासक, त्यांचे १९३६ चे त्यावरील व्याख्यान आजही वाचले जाते. वितळणाऱ्या पात्याची आठवण त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) स्पष्ट दिसते. मेरी या बुटक्या हॉबिटच्या कमरेला जी तलवार आहे ती एका पुरातन थडग्यातून मिळालेली. उत्तरेकडील माणसांच्या राज्याने अँगमारच्या चेटकी राजाशी झुंजताना, खास त्याच्यासाठी मंत्र घालून ती घडवली होती. हा राजा नऊ अंगठी-प्रेतांचा म्होरक्या. त्याला दिसणारे शरीर नाही, आणि त्याचे अदृश्य स्नायू त्याच्या इच्छाशक्तीशी बांधलेले असतात ते केवळ एका मंत्राने. पेलेनोरच्या रणांगणात मेरी त्याच्या गुडघ्यामागे वार करतो आणि ते बंधन सुटते. मगच एओविन या वीर स्त्रीच्या साध्या तलवारीचा घाव त्याला लागतो. प्राण घेणारा घाव एओविनचा, पण तो शक्य केला मंत्रसिद्ध पात्याने. त्या वारानंतर मेरीची तलवार धुमसत जळून जाते, आणि दोघांचेही हात गारठून ते काळ्या श्वासाच्या आजाराने पडतात. अमानुषाला लागलेला वार वार करणाऱ्यालाही लागतो, हा हिशेब टोल्किन कधी विसरत नाहीत.

याच ग्रंथात आधी एक महत्त्वाचा प्रसंग आहे. वेदरटॉपच्या टेकडीवर फ्रोडो हा दुसरा हॉबिट त्याच थडग्यातल्या तलवारीने त्याच राजावर वार करतो, पण फाटतो तो फक्त झगा. त्या क्षणी फ्रोडोने एल्बेरेथ या दिव्यशक्तीचे नाव घेतलेले असते, आणि वारापेक्षा ते नावच राजाला अधिक जाचक झाले, असे त्याचा सोबती अॅरॅगॉर्न नंतर सांगतो. म्हणजे खड्ग तेच, शत्रू तोच. फरक पडतो वार कुठे बसला आणि त्यामागे काय होते याने. एल्व्हांच्या गोंडोलिन नगरीत घडवलेली स्टिंग ही छोटी तलवार ऑर्क जवळ आले की निळसर चमकते. तिचा हा गुण मारण्याचा नसून ओळखण्याचा आहे, आणि कथेत तो घावाइतकाच कामी येतो.

लोखंड, क्रूस आणि फासे : पोल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’मध्ये (मासिकातून १९५३, कादंबरी १९६१) परीलोकातील जीवांना लोखंड, दिवसाचा उजेड आणि पवित्र नाव सहन होत नाही, म्हणून ते हलक्या धातूंची शस्त्रे वापरतात. नायक होल्गर हा मुळात फ्रेंच गाथांतील ओजिए द डेन, आणि त्याची तलवार कोर्ताना. इंग्लंडच्या राज्याभिषेकात मिरवली जाणारी, टोक छाटलेली ‘दयेची तलवार’ कर्टाना हेच नाव वागवते.

या कादंबरीतून ‘पॅलाडिन’ म्हणजे व्रतस्थ योद्धा आणि जखमा आपोआप भरून येणारा ट्रोल ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आले. १९७९ च्या त्याच्या मार्गदर्शिकेत ‘होली अॅव्हेंजर’ ही तलवार पॅलाडिनच्या हाती अधिक पाच गुणांची, इतरांच्या हाती अधिक दोनची. पॅलाडिनजवळ असली की पाच फुटांच्या घेऱ्यात जादू अर्ध्या वेळी निष्फळ, आणि दुष्ट व उच्छृंखल शत्रूला दहा गुणांची वाढीव इजा. २०१४ च्या नियमांत पिशाच व सैतानी जीवांना दोन दहाबाजू फाशांइतकी जास्तीची तेजोमय इजा होते. पावित्र्य आकड्यांत मोजले की अमानुष हा फक्त जास्त गुण गमावणारा शत्रू उरतो, आणि या मोजमापाने पुढच्या अनेक कादंबऱ्यांचे नुकसान केले आहे. खेळाने एक गोष्ट मात्र नीट सांभाळली : खड्ग कोणाच्या हातात आहे यावर त्याचे तेज ठरते.

सत्याचे खड्ग : टेरी ब्रुक्स यांच्या ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’वर (१९७७) टोल्किनची छाया फार आहे, ही तक्रार रास्त आहे. पण त्यातील खड्गाची कल्पना ब्रुक्सची स्वतःची आणि या सर्व प्रकारांत सर्वांत मोलाची. हे खड्ग कापत नाही, सत्य दाखवते. आधी ते धरणाऱ्याला स्वतःचे उणेपण बघावे लागते. ते कथानायक शी ओम्सफर्डला सोसते. पूर्वी जर्ले शॅनारा या राजाला ते सोसले नव्हते, म्हणून त्याची लढाई अपुरी राहिली. मग ते चेटकराज ब्रोनाला त्याचे सत्य दाखवते : तो केव्हाच मेलेला आहे, आणि आपण मेलो नाही या हट्टावरच त्याचे अस्तित्व टिकून आहे. हट्ट मोडताच त्याची राख होते. रक्ताचा थेंबही सांडत नाही.

जपानी चित्रकथा : रुमिको ताकाहाशी यांच्या ‘इनुयाशा’मध्ये (१९९६-२००८) तोतोसाई हा लोहार श्वान-दैत्याच्या सुळ्यांपासून दोन तलवारी घडवतो. तेस्साइगा मिळते त्या दैत्याच्या धाकट्या, अर्धमानव मुलाला, इनुयाशाला. ती दैत्यांना मारते, पण तिचे खरे काम त्याच्या अंगातील दैत्यरक्त आवरून धरण्याचे. ती दूर असताना जिवावर बेतले तर तो भान हरपून पूर्ण दैत्य होतो. माणसांना तुच्छ मानणारा थोरला सेश्शोमारू तिला हात लावतो तेव्हा ती त्याला झिडकारते. त्याच्या वाट्याला येते तेन्सेइगा, जी जिवंत माणसाला ओरखडाही काढत नाही. मृताभोवती जमलेल्या यमलोकाच्या दूतांना तेवढी ती कापते आणि मृताला परत आणते. लांडग्यांनी मारलेल्या रिन या पोरक्या मुलीवर तो ती प्रथम चालवतो. दैत्याच्या दातापासून झालेले शस्त्र पवित्र म्हणावे का, असा प्रश्न येथे पडतो. कथेने त्याचे उत्तर रिनला उठवून दिले आहे.

अट मोडली तर : जिम बुचर यांच्या ‘ड्रेस्डेन फाइल्स’ मालिकेत (२००० पासून) तीन तलवारी आहेत, प्रत्येकीत ख्रिस्ताच्या क्रूसाचा एक खिळा. समोर तीस चांदीची नाणी, प्रत्येकात एक पतित देवदूत, नाणे बाळगणाऱ्या माणसाच्या मनात शिरून बसलेला. खड्गधारी वीरांचे पहिले काम त्या माणसाला मारण्याचे नाही, नाणे टाकून देण्याची संधी देण्याचे आहे; सान्या हा त्यांच्यातील एक पूर्वी स्वतःच नाणे बाळगत होता. या तलवारीने निरपराधाचे रक्त सांडले तर तिचे सामर्थ्य नष्ट होते, म्हणून ‘ग्रेव्ह पेरिल’मध्ये (२००१) शत्रू तलवार मिळवून नेमके तेच करू पाहतात. ‘स्किन गेम’मध्ये (२०१४) चुकीच्या वारामुळे एक तलवार खरोखरच तुटते. तिची मूठ बटर्स नावाच्या भित्र्या शवचिकित्सकाच्या हाती येते, आणि तिथून पोलादाऐवजी प्रकाशाचे पाते उमटते.

विरुद्ध टोक : मायकेल मूरकॉक यांच्या एल्रिक-कथांतील (१९६१ पासून) स्टॉर्मब्रिंगर हे काळे खड्ग स्वतःच एक दैत्य आहे. ते देव, दैत्य, शत्रू, मित्र असा भेद न करता आत्मे गिळते आणि त्यांचे बळ दुबळ्या एल्रिकला पुरवते. पवित्र खड्ग धरणाऱ्याकडून आधी काही मागते. हे आधी देते आणि मग वसूल करते. १९६५ च्या ‘स्टॉर्मब्रिंगर’ कादंबरीच्या शेवटी ते एल्रिकलाच मारते आणि माणसासारखे रूप घेऊन निघून जाते.