ए. डी., हिजरी आणि आपले ‘खमस सबैन’

“बाबा, ए. डी. म्हणजे ‘आफ्टर डेथ’ ना?” थुवालच्या घरात इतिहासाचा गृहपाठ करता करता चिरंजीवांनी विचारले. मंडळी, आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत हेच पाठ केले असेल. पण तसे असते तर येशूच्या हयातीची वर्षे कुठल्याच सनात बसली नसती!

ए. डी. म्हणजे लॅटिन ‘अ‍ॅनो डॉमिनी’, ‘प्रभूच्या वर्षी’. डायोनिसियस एक्झिगस या भिक्षूने 525 साली ईस्टरच्या तारखा मांडताना ही गणना आणली. जोडीचे बी. सी. मात्र इंग्रजी, म्हणून हा घोळ. आपला ‘इसवी’ शब्द ईसा या येशूच्या अरबी नावावरून आला.

इथे अरबी कागदावर वर्षापुढे ‘मीम’ अक्षर असेल तर मिलादी म्हणजे इसवी सन, ‘हा’ असेल तर हिजरी. आपल्या कौस्ट विद्यापीठाचे उद्घाटन 23 सप्टेंबर 2009 रोजी झाले, तेव्हा हिजरी 1430 चालू होते. हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. त्यामुळे ते ऋतूंशी जुळत नाही.

हीच अडचण दख्खनच्या शेतसाऱ्याला आली. पीक सूर्याप्रमाणे, सन चंद्राप्रमाणे! त्यातून 1344 च्या सुमारास सौर गणनेचा शुहूर सन आला. मृग नक्षत्राला तो बदले. मराठी कागदांत तो अरबी संख्याशब्दांनी, एकक आधी, असा लिहीत.

शिवराज्याभिषेक 6 जून 1674 चा. त्या दिवशी शुहूर सन होता ‘खमस सबैन अलफ’. मी हे शब्द वाचून दाखवताच इथे अरबी शिकलेला मुलगा म्हणाला, “पाच, सत्तर, हजार!” म्हणजे 1075. त्यात 599 मिळवा, झाले 1674. (जानेवारी ते मृगापर्यंत 600 मिळवायचे.) मात्र हिजरी तेव्हा 1085 होते. 1075 ला हिजरी समजलात तर राज्याभिषेक दहा वर्षे मागे, आग्र्याच्या सुटकेच्याही आधी जाईल!

सनाचे एक अक्षर चुकले की इतिहास असा उलटतो. म्हणून मुलांना अक्षरांमागचा अर्थ सांगूया. आणि त्यांच्या शाळेतल्या अरबीला परकी समजू नका. आजोबांच्या मोडी दप्तराची एक किल्ली तिच्यातच आहे.