शौर्यपदकांचे उत्तरायुष्य

मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडे, भाईंदर पूर्वेस इंद्रलोक नावाची वसाहत आहे. नाव देवराजाचे, वस्ती मात्र पहाटे लोकल गाठणाऱ्या चाकरमान्यांची. इंद्राचे आयुध वज्र, आणि ते दधीचि ऋषींनी स्वखुशीने दिलेल्या अस्थींपासून घडले, ही कथा आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक असते. भारताचे सर्वोच्च शौर्यपदक जे परमवीर चक्र, त्यावर अशीच चार वज्रे कोरलेली आहेत. त्याची आकृती रेखाटली ती सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्यांचा जन्म 1913 साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या या देशाच्या झाल्या. 26 जानेवारी 1950 रोजी हे चक्र स्थापन झाले, आणि 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमांस ते लागू करण्यात आले.

पदक छातीवर लागते तो क्षण इतिहास टिपून ठेवतो. परंतु त्यानंतर सैनिक घरी येतो, गणवेश उतरवितो आणि चाळीस-पन्नास वर्षे सामान्य गृहस्थ म्हणून जगतो. या दीर्घ काळात त्या पदकाचे काय होते, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. वास्तविक, समाजाने आपल्या सैनिकास कसे वागविले याची साक्ष पदकाच्या या उत्तरायुष्यातच मिळते.

मराठेशाहीत पदके नव्हती. पराक्रमी शिलेदारास सोन्याचे कडे, वस्त्रे, तलवार किंवा इनाम जमीन मिळे. आणि जो रणांगणी पडे त्याच्या मुलांच्या पोषणासाठी ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक करून दिली जाई. तो मान मिरविता येई आणि त्यावर घरही चाले. इंग्रजांच्या आमदानीत मान आणि अन्न यांची पुष्कळशी फारकत झाली. पदक निराळे, निवृत्तिवेतन निराळे. कंपनी सरकारने 1837 साली स्थापिलेल्या ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ या बहुमानास वेतनवाढ जोडलेली होती खरी. परंतु मोहिमेत भाग घेतल्याबद्दल मिळणारी सामान्य पदके ही केवळ स्मृतिचिन्हे होती.

ही स्मृतीही कधी कधी फार उशिरा येई. दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धातील असई, आडगाव आणि गाविलगड येथील लढाया 1803 च्या. खडकी, सीताबर्डी व कोरेगाव येथील लढाया 1817 आणि 1818 च्या. या सर्व लढायांबद्दलचे ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झाले ते 1851 साली, आणि तेही त्या वेळी हयात असलेल्यांनाच! 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावी भीमेच्या काठी लढलेल्या तरुण शिपायाने पन्नाशी ओलांडल्यावर ‘कोरेगाव’ अशी अक्षरे असलेली पट्टी त्याच्या हाती पडणार होती. मधल्या तेहतीस वर्षांत जे निवर्तले, त्यांच्या वाट्यास काहीच आले नाही.

परंतु कोरेगावची कथा येथे संपत नाही. तेथे लढलेल्या पलटणीत महार शिपाई पुष्कळ होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. तेव्हा 1886 साली पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर पुढे सरसावले. आपल्या लोकांनी सैन्यात बजावलेली सेवा दाखवून त्यांनी भरतीचा हक्क मागितला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला, त्याचाही आधार हाच होता. निवृत्त शिपायांनी पूर्वीच्या सेवेचा असा उपयोग केला की, जो मान पेटीत पडून राहावयाचा तो न्यायाच्या मागणीचा पुरावा झाला. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर कोरेगावच्या विजयस्तंभापाशी गेले. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर तोच स्तंभ होता. ज्यांची पदके केव्हाच नाहीशी झाली त्यांचा मान दगडाच्या रूपाने परत आला.

पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कूत-अल्-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या सैन्यात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी ते ठाणे पडले आणि उरलेले कैदेत गेले. त्या महायुद्धाचे एकच पदक दोन धातूंत पाडले गेले: लढणाऱ्या शिपायास चांदीचे, आणि ओझी वाहणाऱ्या, खंदक खणणाऱ्या हिंदी मजुरास कांस्याचे. मरणाने असा भेद केला नव्हता. पुढे मात्र चांदी हीच त्या पदकाची वैरीण ठरली. 1980 च्या सुमारास जगभर चांदीचे भाव भडकले, तेव्हा खुद्द इंग्लंडातही अशी कित्येक पदके मुशीत गेली. परमवीर चक्र कांस्याचे असते, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. जो मान सर्वांत थोर, त्याची धातू म्हणून किंमत जवळजवळ शून्य. सोनाराने त्याकडे ढुंकूनही पाहू नये.

काही पदके विकली गेली, काही वितळली. काही मात्र जाणूनबुजून परत केली गेली. महात्मा गांधींनी बोअर युद्धात आणि 1906 च्या झुलू बंडाच्या वेळी जखमींची शुश्रूषा केली होती. त्याबद्दलची पदके व कैसर-इ-हिंद हे सुवर्णपदक त्यांनी 1 ऑगस्ट 1920 च्या पत्राने व्हाइसरॉयकडे परत पाठविले. त्याच दिवशी मुंबईत लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले आणि त्याच दिवशी असहकाराचा आरंभ झाला. स्वतंत्र भारतातही हे शस्त्र उपसले गेले. समान हुद्दा व समान सेवा असलेल्यांस समान निवृत्तिवेतन मिळावे, या मागणीसाठी 2009 साली माजी सैनिकांनी हजारो पदके राष्ट्रपतींकडे परत केली. सेनादलांच्या सर्वोच्च प्रमुखपदी तेव्हा जळगावच्या प्रतिभाताई पाटील होत्या. पुढे 7 नोव्हेंबर 2015 रोजी या योजनेची अधिसूचना निघाली. तीही पुरेशी नाही, म्हणून पदके परत करण्याचे प्रकार त्याच महिन्यात पुन्हा घडले. त्यांच्या कृतीविषयी मतभेद असू शकेल. परंतु ज्या वस्तूसाठी माणसाने रक्त सांडले, ती तो हातावेगळी करावयास निघतो, तेव्हा त्याच्यापाशी देण्यासारखे दुसरे काही उरलेले नसते, हे विसरता येत नाही.

याहून समाधानाचा मार्गही आहे. कारवारकडील चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांनी एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर गोळ्यांच्या वर्षावात सुरुंग काढून रणगाड्यांस वाट करून दिली. परमवीर चक्र त्यांना हयातीतच लाभले, आणि 1994 मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या कुटुंबीयांनी त्यांचे चक्र सेनेच्या स्वाधीन केले. अशा दानाने पदक एका घराचे न राहता पलटणीचे होते. नवा रंगरूट ते पाहून आपल्या वारशाची ओळख करून घेतो.

तथापि प्रत्येक घराने पदक देऊन टाकावे असे नाही. युद्धस्मारकास मानवंदना देताना दिवंगत वीराच्या आप्तांनी त्याची पदके छातीच्या उजव्या बाजूस लावावी, अशी अनुमती सेनेने दिलेली आहे. डावी बाजू ज्याने पदक मिळविले त्याची. उजवी बाजू ते जपणाऱ्यांची.

आजच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत पदकाचा खरा शत्रू चोर नव्हे, सोनारही नव्हे. तो विसर होय. आजोबांनी ते कोठे मिळविले हे मुलास अर्धवट ठाऊक असते, नातवास मुळीच नसते, आणि घर बदलताना ती डबी रद्दीबरोबर जाते. यावर उपाय अगदी साधा आहे. पुष्कळशा हिंदी लष्करी पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. ती अक्षरे भिंगाने वाचावी, कागदावर उतरावी. म्हातारा माणूस हयात असेल तर लढाईचे गाव आणि साल त्याच्याच तोंडून विचारून खाली लिहावे, आणि तो कागद डबीत ठेवावा. दधीचींच्या अस्थींचे वज्र झाले हे आपणांस ठाऊक आहे, कारण कोणीतरी ती कथा सांगत आले. कथा सुटली की पदकाचा नुसता बिल्ला उरतो.